‘नेट येत नाही’ म्हणजे नक्की काय येत नाही?



इथे सगळे शाळेच्या, शेताच्या, जुन्या वाड्यांच्या आठवणी लिहितात. मी तेवढा लिहिणारा माणूस नाही. निर्मलमध्ये केबल आणि इंटरनेटचा छोटा धंदा आहे माझा. पण मागच्या आठवड्यात एका ताईंनी इथे लिहिलं होतं, की नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “प्रिंटरचं आम्हाला विचारू नका, आमचं काम नाही ते.” खाली बरीच चर्चा झाली. काहीजण म्हणाले, बरोबरच बोलला तो. काहीजण म्हणाले, माणुसकी राहिली नाही. मी या वाक्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेलो आहे, म्हणून लिहितो. लांबलंय जरा, सवडीने वाचा.

आमचं मूळ गाव भोकरकडचं. जुना 222 नंबरचा महामार्ग कल्याणहून निघून नगर, परभणी, नांदेड, भोकर, भैंसा करत निर्मललाच संपायचा. त्याच वाटेने आजोबा इकडे आले आणि एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला राहिले. घरात मराठी, बाजारात तेलुगू, गल्लीत दख्खनी हिंदी, असं आमचं सगळं. त्यामुळे दुकानात फोन वाजला की तक्रार तिन्ही भाषांत येते. “अन्ना, नेट वस्तलेदु.” “भाई, नेट नै चल रा.” “दादा, नेट येईना झालंय बघा.” तिन्हीचा अर्थ एकच, आणि तिन्हींत खरं काय बिघडलंय ते कळत नाही ते नाहीच.

थोडं मागचं सांगतो. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मी गच्चीगच्चीवरून केबल टीव्हीची काळी वायर ओढत होतो. इंटरनेट हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. 1998 साली सरकारने खासगी कंपन्यांना परवाने खुले केले. कुणी सगळ्या देशासाठी घ्यायचा, कुणी एका सर्कलसाठी, कुणी एका छोट्या भागापुरता. आमच्यासारखे गल्लीतले लोक त्याच्याही खाली. मोठ्याकडून बँडविड्थ घ्यायची आणि आपल्या वायरीवरून घरोघर पोचवायची. 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. आज त्या वेगाला पोरं हसतील, पण आम्ही तोच वेग अभिमानाने विकला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या भागात बहुतेक घरांत कॉम्प्युटर आणि नेट एकाच आठवड्यात आले. पोराची इंजिनिअरिंगची ॲडमिशन, स्कॉलरशिपचा फॉर्म, रिझल्ट, यासाठीच कॉम्प्युटर घेतला होता, आणि नेट नसेल तर त्याचा उपयोग शून्य. दुकानदार खोकी उतरवून गेला. नंतर घरात जो माणूस आला, बूट काढून आत बसला, पाणी प्याला आणि “हे बघा, इथे क्लिक करा” म्हणाला, तो मी. मग त्या डब्यात पुढे काहीही झालं तरी मलाच फोन येणार. त्या घरासाठी स्क्रीन, प्रिंटर, वायर, गूगल, बँकेची साईट हे सगळं मिळून ‘नेट’. आणि नेट म्हणजे नेटवाला. यात ग्राहकाची चूक काय, मला अजून सापडलेली नाही.

काय काय ‘नेट येत नाही’ म्हणून आलंय ते सांगतो.

एका काकांकडे यूट्यूब चालायचं नाही, बँक उघडायची नाही, सगळीकडे लाल त्रिकोण. लाईन एकदम ठीक. कॉम्प्युटरची तारीख पाहिली तर 2009 साल. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर 2032 म्हणतात. ती संपली की स्वीच बंद केल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो. बँकेची साईट उघडताना आधी आपलं प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच व्हायची आहे, म्हणून तो दारच उघडत नाही. काकांनी त्यासाठी दोन वेळा प्लॅन बदलला होता. औषध होतं चाळीस-पन्नास रुपयांची बॅटरी.

एका घरी लग्न होतं. नांदेडच्या प्रेसवाल्याने पत्रिकेची फाईल पाठवली, इथे उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मावशी म्हणाल्या, “येता येता नेटमध्ये अक्षरं सांडली रे सगळी.” हसू आलं, पण त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जुने डीटीपीचे फॉन्ट इंग्रजी चिन्हांच्या जागेवरच मराठी अक्षरं बसवतात. तो फॉन्ट इथल्या मशीनवर नसला की खालची चिन्हं तशीच उघडी पडतात. प्रेसवाल्याला फोन लावून पीडीएफ मागवली, दोन मिनिटांत काम झालं.

पोनिकीच्या लाकडाची खेळणी बनवणारा एक कारागीर आहे. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला फोटो पाठवत होता, ‘जाईना’ म्हणून बसला होता. एका मेलला वीस मोठे फोटो जोडले होते. जीमेलची मर्यादा 25 एमबी. चार मेल केले, गेले. त्याला वाटत होतं माझी वायर बारीक आहे.

आणि 4 ऑक्टोबर 2021 ची रात्र तर विसरणारच नाही. नऊच्या पुढे व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही जगभर बंद पडलं, सहाएक तास. आमच्या दुकानाचा फोन मध्यरात्रीपर्यंत थांबला नाही. अमेरिकेतली चूक, शिव्या निर्मलमध्ये मला.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही.

माझा एक जोडीदार होता, हिशेबाला पक्का. तो म्हणायचा, “महिन्याला एका घरामागे हातात काय उरतं? त्यात एक फेरी, पेट्रोल, पोराचा एक तास. प्रिंटर दुरुस्त करून आलो की त्या घराचा महिन्याचा नफा गेला.” खरंच होतं ते. ट्रायने 2006 साली ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले, त्यात दहातल्या नऊहून जास्त तक्रारी पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हायला हव्यात, असं होतं. तो हिशेब लाईनच्या तक्रारींचा. आमचा पोरगा कुणाचा फॉन्ट टाकत बसला, तेव्हा दुसऱ्या गल्लीत खरीच तुटलेली फायबर वाट बघत असते. तिथे लाल लाईट लागलेली असते आणि ते घर गप्प बसलेलं असतं, कारण त्यांना ओरडायची सवय नाही.

शिवाय हात लावला की जबाबदारी आली. आमच्याच एका पोराने एकदा ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ म्हणून विंडोज नव्याने टाकलं, आणि त्या घरातले वारलेल्या आजीचे सगळे फोटो गेले. फुकट केलेलं काम होतं ते. त्या घराने नेट बंद केलं नाही, भांडलेही नाहीत. नुसते बोलायचे थांबले. ते मला भांडणापेक्षा जड गेलं.

2016 नंतर धंद्याचं गणितही आवळलं. त्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाईलचा डेटा पाण्यासारखा झाला. पुढच्याच महिन्यात, 11 ऑक्टोबरला, आदिलाबादमधून निघून निर्मल वेगळा जिल्हा झाला. ऑफिसं वाढली, कनेक्शन वाढले, पण दर खाली आले. मग 2020. लॉकडाऊनमध्ये पोरं घरात, आणि 1 सप्टेंबरपासून सरकारी शाळांचे वर्ग टीव्हीवर आणि ऑनलाइन सुरू झाले. ‘सरांचा आवाज येईना’ म्हणून फोन यायचे. निम्म्या वेळा माईक नाहीतर स्पीकर बंद केलेला असायचा. ते सगळं आम्ही केलं, रात्री अकरापर्यंत केलं, आणि थकलो.

मग 2022 च्या उन्हाळ्यात दुकानात पाटी लावली. तेलुगू, हिंदी, मराठी तिन्ही भाषांत. ‘आम्ही फक्त इंटरनेट लाईनची तक्रार घेतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, मोबाईलसाठी त्या त्या कंपनीला फोन करावा.’ पोरांना सांगितलं, डब्यावरची लाईट हिरवी असेल तर ‘आमचं काम नाही’ म्हणा आणि फोन ठेवा. चार-पाच महिने मजेत गेले. फेऱ्या निम्म्यावर आल्या. जोडीदार खुश, मीही खुश.

दिवाळीनंतर गुरुजींचा फोन आला. गुरुजी म्हणजे मुधोळकडे आयुष्यभर मराठी शिकवून रिटायर झालेले आणि आता मुलाच्या घरी निर्मलला राहणारे. मुलगा पुण्यात, घरात दोघं म्हातारी. फोन आमच्या नव्या पोराने घेतला. प्रिंटर चालेना. पोराने लाईट विचारली. हिरवी. “मग आमचं काम नाही सर. कंपनीच्या कस्टमर केअरला लावा, नंबर गूगलवर मिळेल.” ठेवला. आम्ही ठरवलं होतं तसंच बोलला तो.

गुरुजींनी गूगलवर शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. तो कंपनीचा नव्हताच. पलीकडचा माणूस गोड बोलणारा, हिंदीतून. ‘सर, एक ॲप टाका, मी इथूनच प्रिंटर बघतो.’ त्या ॲपने गुरुजींची स्क्रीन त्याला दिसायला लागली. मग ‘दहा रुपये सर्व्हिस चार्ज भरा, लगेच परत मिळतील.’ गुरुजींनी नेटबँकिंग उघडलं, पासवर्ड टाकला, ओटीपी आला, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. दोन खेपांत 91,000 रुपये गेले. पेन्शनचे साठवलेले.

गुरुजी दुसऱ्या दिवशी दुकानात आले. ओरडायला आले असतील असं वाटलं. बसले, पाणी मागितलं, आणि म्हणाले, “अरे, प्रिंटर अजून चालेना. काय करू ते तरी सांग.” पैशाचं नंतर सांगितलं, तेही हळू आवाजात, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून. “सुनेला नको सांगू” म्हणाले.

1930 हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर तेव्हा चालू झालेला होता. मला माहीत होता. त्याच संध्याकाळी लावला असता तर पैसे पुढे सरकायच्या आत बँकेला अडवता येण्याची काही आशा असते. इथे एक रात्र आणि अर्धा दिवस गेला होता. तरी लावला, ऑनलाइन तक्रार नोंदवली, बँकेत सोबत गेलो. पैसे परत आले नाहीत.

आणि प्रिंटर? घरी जाऊन बघितलं. वाय-फायचा पासवर्ड गुरुजींनी आठ दिवसांपूर्वी बदलला होता, आमच्याच पोराच्या सांगण्यावरून, शेजारी फुकट वापरतात म्हणून. प्रिंटरला नवा पासवर्ड कुणी सांगितलाच नव्हता. तो बिचारा जुन्याच पासवर्डने दार ठोठावत बसला होता. पाच मिनिटांचं काम. म्हणजे ते आमचंही काम होतं, निम्मं तरी.

त्या दिवशी पाटी काढली. जोडीदाराशी वाद झाला, तो पुढे वेगळा झाला. त्याच्यावर राग नाही माझा. हिशेब त्याचा बरोबर होता.

पण माझं मत तेव्हापासून पक्कं झालं, ते असं. दुरुस्ती आमचं काम असेल-नसेल. बिघाड कुठे आहे हे सांगणं मात्र आमचं काम आहे. ‘लाईन ठीक आहे’ एवढं सांगून फोन ठेवला तर पलीकडच्या माणसाच्या हातात काहीच पडत नाही. घाबरलेला माणूस आणि गूगलची पेटी, एवढंच उरतं. आणि त्या पेटीत पहिला कोण बसलाय हे आता सगळ्यांना माहीत आहे.

‘हे सरकारने, मोठ्या कंपन्यांनी करावं, गल्लीतल्या नेटवाल्याने का?’ असं कुणी म्हणेल. करावं ना, नक्की करावं. पण कंपनीच्या हेल्पलाईनला ‘एक दाबा, दोन दाबा’ करत मुधोळच्या आजींनी पोचावं कसं? तिथे तेलुगू, हिंदी, इंग्रजी मिळेल. ‘बाळा, ते निळं निळं काहीतरी आलंय’ हे मराठीत ऐकून समजणारा माणूस तिथे नाही, आमच्या दुकानात आहे. जुन्या लोकांना आठवत असेल, पोस्टमन नुसतं पत्र टाकून जायचा नाही. ज्याला वाचता यायचं नाही त्याला ओट्यावर बसून वाचून दाखवायचा, मनीऑर्डरच्या फॉर्मवर चार ओळी लिहून द्यायचा. पोस्टखात्याने त्याला त्याचे पैसे दिले नाहीत. पण म्हणून त्याने सगळ्या गावाची शेती सांभाळली असंही नाही. किती करायचं हे त्याला कळत होतं.

आम्हालाही ते ‘किती’ ठरवावं लागलं. आता दुकानात असं चालतं.

एक. फोन आला की तीन प्रश्न. डब्यावर लाल लाईट आहे का? त्याच वाय-फायवर मोबाईलमध्ये यूट्यूब चालतं का? कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली तारीख आजचीच आहे का? एवढ्यात आमचं काय आणि दुसऱ्याचं काय, ते बहुतेक कळतं.

दोन. आमचं नसेल तर काय बिघडलंय ते ग्राहकाच्या भाषेत सांगायचं, आणि कुणाकडे जायचं तेही. प्रिंटरवाल्याचं, मोबाईलवाल्याचं, मी-सेवा केंद्राचं ठिकाण सांगायचं. कंपनीचा नंबर हवा असेल तर खोक्यावरचा, बिलावरचा बघायला लावायचा. ‘गूगलवर शोधा’ हे शब्द आमच्या दुकानात बंद आहेत.

तीन. फोनवर पाच मिनिटांत होण्यासारखं असेल तर फुकट. घरी जायचं तर पैसे, आधी सांगून. लोक देतात हो. न सांगता केलं आणि मनात कुरकुर ठेवली की दोघांचंही बिघडतं.

चार. बॅकअप नसेल तर विंडोजला हात नाही. कितीही ओळखीचे असोत.

पाच. बँकेची स्क्रीन उघडी असेल तर आमचा पोरगा खुर्चीतून उठतो आणि पाठ करून उभा राहतो. पासवर्ड आम्ही विचारत नाही, आमच्या वहीत लिहून घेत नाही. पूर्वी लिहायचो. ‘तूच ठेव रे, मला आठवत नाही’ म्हणून लोक द्यायचे आणि आम्हाला तो विश्वासाचा मान वाटायचा. आता वाटतं, किती घरांच्या किल्ल्या एका टेबलाच्या खणात पडल्या होत्या.

हे करून मी श्रीमंत झालो नाही. दुसऱ्या कंपन्यांचे प्लॅन माझ्यापेक्षा स्वस्त आहेत, काही घरं तिकडे गेली. त्यातली काही परत आली, काही आली नाहीत. पण संध्याकाळी फोन वाजला की पूर्वीसारखं पोटात येत नाही. कुठवर आपलं हे ठरलेलं आहे, आणि ठरलेलं आहे म्हणून नीट बोलता येतं.

आता ज्यांची मुलं-मुली पुण्यात, हैदराबादला, परदेशात आहेत आणि आईबाबा इकडे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. तुमच्या घरच्या नेटवाल्याशी एकदा स्वतः बोला. त्याला सांगा, आईबाबांचा फोन आला तर काय बिघडलंय एवढं नक्की सांग, त्याच्या फेरीचे पैसे मी देईन. आणि प्रिंटरच्या, टीव्हीच्या, बँकेच्या खऱ्या कस्टमर केअरचे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. सगळ्यात वर 1930.

माझ्या धंद्यातल्या भावांना एवढंच, की ‘आमचं काम नाही’ म्हणायचा हक्क आहे आपल्याला. पण त्याच्या पुढचं एक वाक्य बोलल्याशिवाय फोन ठेवू नका.

हे लिहू का, असं गुरुजींना विचारलं होतं. म्हणाले, “नाव घालू नको. पण लिही. आणि शुद्धलेखन एकदा मला दाखव.” दाखवलं. सात चुका काढल्या. छापील प्रत मागितली त्यांनी, त्यांच्याच प्रिंटरवर काढून दिली.

तुमच्याकडचे नेटवाले कसे आहेत, खाली लिहा. शिव्या असतील तर त्याही चालतील, सवय आहे.